माती खचली की झाड खचलं?

उन्हाळा उतरणीला लागला की आमच्या परभणीत गच्च्यागच्च्यांवर एकच बोलणं सुरू होतं: "कुंडीतली माती बसलीय, वरून दोन घमेली टाकू." टाकून झालं की शेजारणीला सांगायचं, "सगळ्या कुंड्या बदलल्या." अहो, नाही बदलल्या. वरून माती टाकली ती भर झाली. झाड हुंडीसकट, म्हणजे मुळांना धरून असलेल्या मातीच्या गोळ्यासकट, बाहेर काढून नव्या मातीत बसवलं तर कुंडी बदलली. एकाच्या जागी दुसरं केलं की चांगलं वाढतं झाड हातचं जातं, आणि दरवर्षी ते बघून माझा जीव तुटतो.

कुंडी बदलणं बहुतेकांना जमतं. ८ इंचीतून १० इंचीत न्यावं, एकदम १६ इंचीत नको, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती नुसती ओली राहते. मृगाचे दोन-तीन पाऊस पडू द्यावेत. ४२ अंशांच्या उन्हात मुळं उघडी करू नयेत. तळाच्या भोकावर एक खापरी पुरते. खाली खड्यांचा जाड थर देण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी जाते.

खरा घोळ भर घालताना होतो. कुंडीच्या काठापासून माती चार बोटं खाली गेलेली दिसते आणि हात लगेच घमेल्याकडे जातो. पण माती खाली जाण्याचे प्रकार दोन आहेत. पहिल्यात पाण्याच्या धारेने वरची माती वाहून जाते, झाड मात्र होतं तिथेच राहतं. बुंध्याजवळची वरची मुळं उघडी पडतात. इथे भरच हवी. मुळं झाकतील एवढी घातली की काम झालं.

दुसऱ्या प्रकारात मातीतलं शेणखत, कोकोपीट कुजून संपत जातं, माती आतून बसते आणि तिच्यासोबत झाडही खाली बसतं. कुंडीकडे बघू नका, बुंध्याकडे बघा. खोड जिथे मातीतून वर येतं ती मान पहिल्यासारखीच मातीच्या अगदी वर असेल, तर झाडाला वरून माती नकोय. तुम्ही काठापर्यंत भरलेली माती मुळांना मिळतच नाही, ती खोडाच्या गळ्याशी बसते. मुळाच्या सालीला ओल सोसते, खोडाच्या सालीला सतत ओली माती सोसत नाही. ती मऊ पडते, बुरशी शिरते, सडते.

आमच्या जास्वंदीचं असंच झालं. पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा सगळ्यांनी खत घाला म्हणून सांगितलं. मी खुरप्याने बुंधा उकरला. आदल्या वर्षी घातलेल्या तीन इंच भरीखाली साल काळी पडली होती, बोट लावलं की सुटून येत होती आणि आंबूस वास येत होता. ते झाड वाचलं नाही.

आपल्याकडे हे दुखणं आणखी वाढतं, कारण भरीसाठी शेतातली काळी माती पोत्याने आणली जाते. ती ओली झाली की फुगते आणि वरून झाकण बसल्यासारखी होते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेने भेग पडते, मग घातलेलं पाणी भेगेतून सरळ तळाला जातं आणि मधली हुंडी कोरडीच राहते. शेतात ती सोनं आहे, कुंडीत निव्वळ काळी माती मी घालत नाही. मुरमाड लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडा वीटचुरा, एवढं पुरतं.

"वसमतकडे हळदीला भर लावतातच की," असं कुणीतरी म्हणतंच. लावतात, कारण हळदीचे कंद उघडे पडले तर वाढ खुंटते. टोमॅटो आणि झेंडूलाही भर चालते, त्यांच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. लिंबू, कढीपत्ता, जास्वंदीच्या जून खोडाला हा नियम लावू नका. डोळा भरलेल्या, म्हणजे कलमी, गुलाबाचा कलमाचा सांधा तर आपल्या हवेत मातीच्या वरच राहायला हवा.

मग खचलेल्या झाडाचं काय करायचं? भर खालून घालायची. आदल्या दिवशी पाणी द्या, कडेने खुरपं फिरवा, कुंडी आडवी करून हुंडी न फुटता झाड बाहेर काढा. तळाला नवी माती घालून त्यावर झाड अशा बेताने ठेवा की मान काठाखाली एक इंच येईल, तेवढी जागा पाण्याला लागते. कडेच्या फटी भरा, पाणी द्या आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. कुंडी तीच राहते. पण झाड बाहेर काढल्यावर मुळं कुंडीच्या आकारात गोल गुंडाळलेली दिसली, तर मात्र ती हलक्या हाताने मोकळी करून थेट मोठ्या कुंडीतच लावा.