विधिमंडळात इंटर्नशिप करायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वेळ

दरवर्षी जानेवारीत एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं विभागात येऊन विचारतात, ‘मॅडम, विधानभवनात इंटर्नशिप मिळते का?’ मिळते. फक्त नरिमन पॉइंटच्या फाटकावर अर्ज देऊन मिळत नाही. विद्यार्थ्याला काम मिळतं ते एखाद्या आमदाराच्या कार्यालयात, आणि तिथे जायची वाट आपल्या कॉलेजातूनच निघते. हे लवकर कळलं तर दोन महिने वाचतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, सक्तीचं आहे. त्याला ४ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले की १२० तास होतात. पदवीच्या मुलांना ते तिसऱ्या वर्षी येतं. आमदाराचं कार्यालय हे ओजेटीचं ठिकाण म्हणून विभागाकडून आधी मान्य करून घ्या. काम सुरू करून मग मान्यता मागणाऱ्यांची फार धावपळ होते.

आता आमदार कोणता निवडायचा? विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधान परिषदेत ७८. एकट्या मुंबईतून ३६ जण विधानसभेवर जातात. मुलं बहुतेक वेळा आपल्या वॉर्डातल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला गाठतात आणि मग १२० तास सत्काराच्या पत्रिका वाटण्यात जातात. माझं सांगणं असं की पक्ष किंवा ओळख पाहू नका, विषय पाहा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. तुमचा विषय पुनर्विकास असेल, शिष्यवृत्ती असेल, कोळीवाडे असतील, तर त्यावर सातत्याने प्रश्न विचारणारे तीन-चार सदस्य शोधा. विधान परिषदेकडे तर मुलं बघतच नाहीत. तिथे पदवीधर मतदारसंघांचे ७ आणि शिक्षक मतदारसंघांचे ७ सदस्य आहेत. शिक्षणाच्या विषयावर काम करायचं असेल तर आधी त्यांच्याकडे जा.

पात्रतेचं म्हणाल तर विद्यापीठाचा चालू वर्षाचा विद्यार्थी असणं ही पहिली गोष्ट. दुसरी, मराठी नीट लिहिता येणं आणि युनिकोडमध्ये टाइप करता येणं. इंग्रजी माध्यमातली हुशार मुलं इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या एका विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात काम मिळालं ते तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं अशा प्रश्नाचा, मसुदा करण्याचं. विषय होता वसतिगृहातल्या मुलींचा रखडलेला निर्वाहभत्ता. तिने दीड पानाचा छान निबंध लिहून नेला. स्वीय सहायकांनी तो बाजूला ठेवला आणि जुन्या यादीतला एक प्रश्न तिच्यापुढे सरकवला. त्याची चाल ठरलेली असते: ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) अमुक वसतिगृहातील विद्यार्थिनींना अमुक महिन्यापासून भत्ता मिळाला नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ पहिल्या भागात माहिती ढिली राहिली की ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं आणि पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. मग तिने तीन वसतिगृहांत जाऊन भत्ता शेवटचा कधी जमा झाला ते मुलींच्या पासबुकांवरून टिपून आणलं. त्या तारखा हातात आल्यावर प्रश्न सहा ओळींत बसला. धोरणाचा अभ्यास म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी मुलांनी या कार्यालयांत जावं असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रं फार नाहीत. विभागप्रमुखांच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं शिफारसपत्र सगळ्यांत महत्त्वाचं. त्यात ‘ओजेटीअंतर्गत १२० तासांच्या प्रशिक्षणाची संधी मिळण्याबाबत’ असा विषय, कामाचा कालावधी आणि कॉलेजातल्या मार्गदर्शकाचं नाव हवं. सोबत बोनाफाइड, ओळखपत्राची आणि आधारची प्रत, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, दोन फोटो आणि एक पानी परिचय. याशिवाय एक कागद मी प्रत्येकाला जोडायला लावते: त्या सदस्याच्या एखाद्या जुन्या प्रश्नाचा पुढे काय पाठपुरावा करता येईल, याचं एका पानाचं टिपण. अर्जांच्या गठ्ठ्यातून ज्यांना बोलावणं आलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं टिपण वाचलं गेलं होतं. अर्ज मतदारसंघातल्या कार्यालयात स्वीय सहायकांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला अर्ज म्हणजे अर्ज नव्हे.

वेळ अधिवेशनाकडे बघून ठरवा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात, लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना, मात्र अधिवेशन चालू असताना रोज धावत असतात. अर्थसंकल्पी अधिवेशनात काम करायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच अर्ज द्या. फेब्रुवारीत गेलात तर प्रश्न आधीच गेलेले असतात, तुमच्या वाट्याला फक्त कात्रणं येतात.

प्रवेशपत्राबद्दल गैरसमज नको. इंटर्न झालात म्हणजे विधानभवनात रोज जाता येईल असं नाही. जुलै २०२५मध्ये लॉबीत झालेल्या हाणामारीनंतर विधानसभा अध्यक्षांनी अधिवेशनकाळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि शासकीय अधिकारी यांनाच प्रवेश राहील असं जाहीर केलं. त्यामुळे तुमचं काम मतदारसंघातल्या कार्यालयात किंवा आमदार निवासात चालेल, हे धरूनच जा. मेट्रो ३चं विधान भवन स्थानक झाल्याने त्या भागात पोचणं मात्र सोपं झालं आहे.

सभागृहाचं कामकाज जवळून पाहायचं असेल तर वेगळी वाट आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला संसदीय अभ्यासवर्ग घेते. तो राज्यातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. नावं विद्यापीठामार्फत जातात, म्हणून ऑक्टोबरपासूनच विभागात विचारत राहा.

पदवीनंतर पुढे काय, तर मुख्यमंत्री फेलोशिप. ती विधिमंडळाची नाही, शासनाची आहे. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. जागा ६० आणि अर्जाचं शुल्क ५०० रुपये. ओजेटीचे १२० तास म्हणजे हा अनुभव नव्हे, ते त्या रकान्यात भरू नका. निबंध आणि मुलाखतीच्या टप्प्यात मात्र त्या तासांत शिकलेलं उपयोगी पडतं. दिल्लीत खासदारांसोबत काम करायचं असेल तर पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१०पासून चालू आहे.

शेवटचा कागद प्रमाणपत्र. आमच्या एकाला ‘उत्कृष्ट काम केले, शुभेच्छा’ एवढंच लिहून मिळालं. तासांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे श्रेयांक महिनाभर अडकले आणि त्याला पुन्हा खेपा घालाव्या लागल्या. लेटरहेडवर पासून-पर्यंतच्या तारखा, एकूण तास, केलेल्या कामाचं स्वरूप, सही आणि शिक्का एवढं असलंच पाहिजे. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. रोजच्या नोंदवहीवर दर आठवड्याला सही घेत चला, कारण अधिवेशन संपलं की सही करणारी माणसं दौऱ्यावर निघतात.