ठिपक्यांचं मतदान

२१२, २१०, २११, २०९, ६४, ५८, ६०. फोटोतल्या एका आडव्या ओळीचे हे सात आकडे. शून्य म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. चौथ्या आकड्यानंतर उजेड धाडकन कोसळला आहे, म्हणजे तिथे कशाची तरी कड आहे: दाराच्या चौकटीची असेल, टेबलावर ठेवलेल्या कागदाची असेल. संगणकाच्या हाती फोटो म्हणून लागतात ते असे लाखो आकडे. ‘इथून इथपर्यंत सरळ रेषा आहे’ असं त्यांत कुठेही लिहिलेलं नसतं.

शेजारच्या आकड्यांतला फरक मोजून कडेचे ठिपके निवडणं त्या मानाने सोपं. अर्विन सोबेल यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्डला मांडलेली तीन बाय तीन आकड्यांची जाळी त्यासाठी आजही वापरतात. जॉन कॅनी यांची १९८६ ची पद्धत त्याहून काटेकोर आहे. पण हाती येतात ते सुटे ठिपके. काही गळलेले, काही चुकून उमटलेले. त्यातले कोणते एका रेषेत आहेत, हे कसं ठरवायचं? जोड्या लावत बसलो तर ५,००० ठिपक्यांच्या जवळजवळ सव्वा कोटी जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या रेषेवर बाकीचे किती ठिपके बसतात ते पुन्हा तपासावं लागतं.

ही गाठ सोडवली पॉल हफ या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने, आणि तीही स्वतःची अडचण म्हणून. डोनाल्ड ग्लेझर यांनी १९५२ मध्ये बबल चेंबर शोधून काढलं होतं. उकळीच्या उंबरठ्यावर आणलेल्या द्रवातून विद्युतभारित कण गेला, की त्याच्या वाटेवर बारीक बुडबुड्यांची माळ उठते आणि तिचा फोटो घेता येतो. फोटोंचे ढीग साचू लागले. ते टेबलांवर पसरून डोळ्यांनी तपासायचं काम माणसं, त्यातही बऱ्याचदा स्त्रिया, तासन्‌तास करत. हे यंत्राकडून कसं करून घेता येईल, ते हफ यांनी १९५९ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या परिषदेत सांगितलं. त्याचं अमेरिकन पेटंट १८ डिसेंबर १९६२ चं आहे.

युक्ती इतकी सुंदर आहे की पेन्सिल घेऊन करूनच पाहावी. चौकटीच्या वहीत चार ठिपके द्या: १ घर उजवीकडे ३ वर, २ उजवीकडे ५ वर, ३ उजवीकडे ७ वर, आणि एक भरकटलेला, २ उजवीकडे ४ वर. आता ‘कोण कोण एका रेषेत आहे’ हे विचारूच नका. प्रत्येक ठिपक्याला एकेकटं गाठून विचारा, ‘तुझ्यातून कोणकोणत्या रेषा जाऊ शकतात?’ रेषेची ओळख दोन आकड्यांत पटते: तिचा चढ, म्हणजे एक घर उजवीकडे जाताना ती किती घरं वर चढते, आणि वहीच्या डाव्या कडेला ती कितव्या घरावर भेटते तो आकडा. अशा प्रत्येक रेषेची एक मतपेटी धरा, आणि ठिपक्याचं प्रत्येक उत्तर म्हणजे त्या पेटीत एक मत. चढ १ धरला तर चौघांची उत्तरं येतात २, ३, ४, २. चढ ३ धरला तर ०, उणे १, उणे २, उणे २. आणि चढ २ धरला तर १, १, १, ०. ‘चढ २, कडेवर १’ या पेटीत तीन मतं पडली! इतर पेट्यांत कुठे एक, कुठे दोन. भरकटलेल्या ठिपक्यानेही मत दिलं, पण त्याचं मत विखुरलं गेलं.

शेजारी कोण आहे, याची कुठल्याच ठिपक्याला गरज पडत नाही. म्हणून रेषा मधे तुटलेली असो, तिच्यावर सावली पडलेली असो, उरलेले ठिपके तिच्याच पेटीत मत टाकतात. या पद्धतीवर माझा जीव जडला तो याच कारणाने.

एक खोट मात्र होती. रेषा जितकी उभी, तितका चढ मोठा. पूर्ण उभ्या रेषेचा चढ अनंत. तिच्यासाठी पेटी ठेवायची कुठे? कणांच्या वाटा साधारण एकाच दिशेने जात असतील तर हे खपून जातं. पण खोलीत फिरणाऱ्या यंत्रमानवाला समोर दिसतात त्या बहुतेक उभ्या कडा. कॅलिफोर्नियात ‘शेकी’ नावाचा असा यंत्रमानव ज्या संस्थेत घडला, तिथल्याच रिचर्ड ड्यूडा आणि पीटर हार्ट यांनी १९७२ मध्ये रेषेची ओळख बदलली. चित्राच्या कोपऱ्यातून रेषेवर लंब टाका. लंबाची लांबी आणि त्याचा कोन पुरेसा आहे. कोन १८० अंशांच्या आत राहतो, आणि ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या फोटोत लांबी ८०० च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण फोटोचा कर्णच तेवढा. अंशाअंशाच्या पेट्या केल्या तर ५,००० ठिपके मिळून ९ लाख मतं टाकतात. कुठे सव्वा कोटी जोड्या, कुठे ९ लाख मतं! वर्तुळ शोधताना मत केंद्राला आणि त्रिज्येला द्यायचं. वेड्यावाकड्या आकारांसाठीची वाट डॅना बॅलर्ड यांनी १९८१ मध्ये काढून दिली.

मतदान फसतंही. ठिपक्यांच्या रांगोळीचा फोटो दिलात तर एकही रेघ ओढलेली नसताना आडव्या, उभ्या, तिरक्या रेषा धडाधड निवडून येतील. अर्थात ठिपके नुसते मांडले तरी त्या रेषा आपल्या डोळ्यांनाही दिसतातच.

आपल्या लिपीला तर रेषेचं वरदानच आहे. रोमन लिपीतलं तिरकं पान सरळ करायचं तर अक्षरांच्या तळावरून ओळीचा अंदाज बांधावा लागतो. देवनागरीत शिरोरेषा स्वतःच ओळ दाखवते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले बी. बी. चौधरी आणि उमापद पाल यांनी १९९७ मध्ये भारतीय लिप्यांतल्या पानांचा तिरपेपणा या शिरोरेषेवरूनच मोजून दाखवला. पान सरळ झालं की ठिपक्यांच्या ज्या आडव्या रांगेत काळे ठिपके सर्वाधिक, ती शिरोरेषा. ती पुसली की अक्षरं सुटी होतात. पण ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर रेषा तुटते, आणि ‘घ’ व ‘म’ यांच्यापासून त्यांना वेगळं ओळखण्याची एक ठळक खूण तीच. पुसण्याआधी ती खूण टिपून ठेवली नाही, तर ‘घर’ आणि ‘धर’ यांत यंत्राचा घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांपुढे मात्र हा पुसण्याचा उपाय अडतो. मोडी लिहिताना आधी पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची, शब्द न तोडता. मतदानात ही रेघ प्रचंड मतांनी निवडून येते, पान किती तिरकं आहे ते चोख कळतं. पण ती पुसल्यावरही अक्षरं एकमेकांत गुंतलेलीच राहतात, आणि एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, ते तिथे मोडी वाचणाऱ्या माणसालाच सांगावं लागतं.