‘डॉक्टर-नर्सना सवय असते’ हा गैरसमज

“रोज मरण बघणाऱ्यांना कसलं आलंय नैराश्य?” हे वाक्य कोरोनाच्या आधीपासून ऐकू येतं. ते खरं नाही.

२०२०च्या जानेवारीअखेर चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सची पाहणी झाली. ५०.४ टक्के जणांत नैराश्याची लक्षणं आढळली, ३४ टक्क्यांची झोप उडालेली. (आकडा जरा जपून वाचा. ही प्रश्नावलीत सांगितलेली लक्षणं आहेत, निदान नव्हे, आणि त्यांत सौम्यही धरलीत. मध्यम ते तीव्र सुमारे १५ टक्के.) त्रास जास्त कुणाला? नर्सना, स्त्रियांना, वुहानमध्ये काम करणाऱ्यांना आणि थेट कोरोना रुग्णांची सेवा करणाऱ्यांना. म्हणजे रुग्णाच्या जितकं जवळ, तितकं ओझं जास्त.

सवय होते ती हाताला: सलाईन लावण्याची, नळी घालण्याची. नातेवाइकांविना जाणारा रुग्ण आणि आपण घरी संसर्ग नेऊ ही धास्ती, यांची कसली सवय? आपल्याकडे २२ मार्च २०२०ला थाळ्या वाजल्या. त्याच दिवसांत काही घरमालकांनी डॉक्टर-नर्सना खोल्या सोडायला सांगितलं. एप्रिलमध्ये सरकारला १८९७च्या साथरोग कायद्यात त्यांच्या संरक्षणासाठी दुरुस्ती करावी लागली.