रॅम ‘सेम कंपनीची’च हवी?

पुण्याच्या तपकीर गल्लीत रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी) घ्यायला गेलात की हमखास ऐकू येतं: ‘आधीची ज्या कंपनीची, तीच घ्या, नाहीतर मशीन चालू होणार नाही.’ हे खरं नाही. स्टिकरवरचं नाव मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बघत नाही.

जुळायला हवी ती रॅमची पिढी, म्हणजे डीडीआर३, डीडीआर४ वगैरे. डीडीआर४ची खाच डीडीआर३पेक्षा वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती डीडीआर३च्या स्लॉटमध्ये (रॅम बसवायच्या खोबणीत) बसतच नाही. जोर लावाल तर स्लॉट जाईल. वेग वेगळा असला तरी चालतं: २६६६ आणि ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही फार तर २६६६वर धावतात, म्हणजे ३२००चे जादा पैसे पाण्यात. जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र व्होल्टेज बघाच. १.३५ व्होल्टच्या जागी १.५ची घातली तर बऱ्याचदा स्क्रीन काळीच राहते, आणि दोष बिचाऱ्या कंपनीवर!

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत रॅम दाबा. अर्धवट बसलेली रॅम हेच ‘चालत नाही’चं नेहमीचं कारण. नंतर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडून वेग तपासा.

तरीही मशीन अडखळलं, तर बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करून बघा.