गेमिंग संगणक : माफक खर्चातील जुळणी

प्रोसेसर, मदरबोर्ड (सर्व भाग जोडण्याची पाटी), ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्रे तयार करणारा भाग) इत्यादी सुटे भाग निवडून, त्यांच्या जोडणीतून मुख्यत्वे गेम खेळण्यासाठी तयार केलेल्या व्यक्तिगत संगणकास गेमिंग संगणक किंवा गेमिंग पीसी म्हणतात. अशा संगणकास 'असेंबल्ड' आणि कारखान्यातून तयार येणाऱ्यास 'ब्रँडेड' म्हणण्याची भारतीय बाजारात जुनी रीत आहे. 'माफक खर्च' या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नाही. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे सातत्याने दाखविण्याची क्षमता ही त्याची किमान अपेक्षा समजली जाते आणि या नोंदीतही तीच गृहीत धरली आहे.

सुट्या भागांची अदलाबदल शक्य झाली ती आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या पीसीच्या खुल्या रचनेमुळे. तर मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा यांची मापे परस्परांशी जुळविणारे एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये प्रसृत केले. खास गेमसाठीच्या संगणकाचा उगम नेमका केव्हा मानावा, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. एनव्हीडियाने १९९९ मधील आपल्या जीफोर्स २५६ या चिपला 'जगातील पहिला जीपीयू' (ग्राफिक्स प्रक्रिया करणारी चिप) म्हटले आणि अनेक संदर्भग्रंथांनी ते विधान तसेच उचलले. वस्तुतः जीपीयू ही संज्ञा सोनीने १९९४ मधील प्लेस्टेशनच्या संदर्भात आधीच वापरली होती. एनव्हीडियाची व्याख्या त्रिमितीय रूपांतर व प्रकाशगणना एकाच चिपमध्ये करण्याच्या क्षमतेवर बेतलेली होती आणि त्या मर्यादित अर्थानेच तिचा दावा टिकतो. दुसऱ्या मतानुसार ३डीएफएक्स कंपनीच्या १९९६ मधील व्हूडू ग्राफिक्स या कार्डापासून आरंभ मानावा. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रे काढीत असे. नेहमीच्या पडद्यासाठी संगणकात दुसरे कार्ड लागे आणि त्याची तार बाहेरून व्हूडूमध्ये घालून पुढे मॉनिटरला जोडावी लागे. केवळ खेळासाठी स्वतंत्र भाग विकत घेण्याची सवय ग्राहकांना या कार्डाने लावली, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

निवडीची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करावी, यावर बहुतेक जाणकारांचे एकमत आहे. मॉनिटर वगळता एकूण रकमेचा ३५ ते ४५ टक्के भाग कार्डासाठी राखण्याचा संकेत आहे. तो व्यवहारातून आलेला आडाखा आहे, नियम नव्हे. या वर्गात एएमडीचे आरएक्स ६६०० (२०२१, ८ जीबी), एनव्हीडियाची आरटीएक्स ३०६० (२०२१, मूळ आवृत्ती १२ जीबी) व आरटीएक्स ४०६० (२०२३, ८ जीबी) आणि इंटेलचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४, १२ जीबी) ही कार्डे विशेष चर्चिली गेली. स्वस्त कार्डाची पारख करताना केवळ नाव व स्मृती पाहून भागत नाही, याचे ठळक उदाहरण म्हणजे जानेवारी २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी. हे कार्ड मदरबोर्डवरील १६ मार्गिकांच्या (माहिती वाहणाऱ्या वाटांच्या) लांब खाचेत बसते, परंतु प्रत्यक्षात त्यांपैकी चारच मार्गिका वापरते. पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्ड व कार्ड जोडणाऱ्या मानकाच्या चौथ्या पिढीत चार मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती वाहते, तिसऱ्या पिढीत तिच्या निम्मी. कार्डाची स्वतःची स्मृती ४ जीबी असल्याने ती भरली की उरलेला भार संगणकाच्या रॅमवर (मुख्य तात्पुरत्या स्मृतीवर) पडतो आणि त्याची ने-आण याच अरुंद वाटेने होते. परिणामी बी४५० किंवा ए५२० या स्वस्त, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर हे कार्ड काही गेममध्ये लक्षणीय मंदावते. म्हणजे ज्या ग्राहकासाठी ते काढले, त्याच्याकडेच ते सर्वांत वाईट चालते. आरएक्स ६६०० आठ मार्गिका वापरते आणि त्याची स्मृतीही दुप्पट असल्याने त्याच्याबाबत हा फरक सहसा किरकोळ राहतो. आर्क मालिकेसाठी मदरबोर्डमध्ये प्रोसेसरला कार्डाची सारी स्मृती एकदम वापरू देणारी 'रिसाइझेबल बार' ही सोय असणे जवळजवळ अनिवार्य आहे. जुन्या संगणकात ते कार्ड घालणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

प्रोसेसरमध्ये चार गाभ्यांचा (कोअरचा) इंटेल कोअर आय३-१२१००एफ आणि सहा गाभ्यांचा एएमडी रायझेन ५ ५६००, दोन्ही २०२२ मधील, हे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. इंटेलच्या नावातील 'एफ' हे अक्षर अंगभूत ग्राफिक्स नसल्याचे दर्शविते. असा प्रोसेसर घेतल्यास कार्डाविना पडद्यावर काहीच दिसत नाही. पैसे कमी असल्यास आधी रायझेन ५ ५६००जी घेऊन त्याच्या अंगभूत ग्राफिक्सवर निभवावे आणि कार्ड सवडीने घ्यावे, असा सल्ला दिला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि ५६००जीमध्ये तिसऱ्या स्तराची कॅश (प्रोसेसरमधील जलद) स्मृती ५६००च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे, आणि मदरबोर्ड कोणताही असला तरी हा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित राहतो. त्यामुळे पुढे घेतलेल्या कार्डाचे पूर्ण चीज होत नाही. कार्ड वर्षभरात येणार हे नक्की असल्यास थोडे थांबून ५६०० घेणे बरे. पेठेत प्रोसेसर 'बॉक्स' आणि 'ट्रे' अशा दोन प्रकारे मिळतो. ट्रे म्हणजे खोका व पंखा नसलेला सुटा नग, तेव्हा पंख्याची किंमत मिळवूनच दोन्ही भावांची तुलना करावी.

एएमडीची एएम४ ही बैठक (मदरबोर्डवर प्रोसेसर बसविण्याची जागा, सॉकेट) २०१६ पासूनची असून तिच्यावरील मदरबोर्ड स्वस्त मिळतात. एएम५ (२०२२) वर पुढील पिढीचे प्रोसेसर बसतात, मात्र तिला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्याने हे गणित पुन्हा बदलले. जुन्या साठ्यातील बी४५० मदरबोर्ड ५६०० ओळखत नाही असे आढळते; अशा वेळी दुकानातूनच बायोस (मदरबोर्डमधील मूळ प्रणाली) अद्ययावत करून घ्यावे.

रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. डीडीआर४-३२०० या रॅमच्या एका वाहिनीतून (प्रोसेसरपर्यंतच्या वाटेतून) सेकंदाला २५.६ जीबी, तर दोहोंतून ५१.२ जीबी माहिती वाहू शकते आणि अंगभूत ग्राफिक्स याच वाटेवर जगत असल्याने त्यास हा फरक सर्वाधिक जाणवतो. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर पट्ट्या सामान्यतः प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवितात. नवखे त्या शेजारी-शेजारी लावतात आणि एकच वाहिनी चालू राहते. पट्टीवर छापलेला ३२०० हा वेगही सहसा आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमला छापील वेग देणारी सोय चालू करावी लागते. साठवणीसाठी ५०० जीबी ते १ टीबीची एनव्हीएमई या जलद प्रकारची एसएसडी पुरते.

एसएमपीएसवर (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीवर) सर्वाधिक काटकसर होते आणि तीच सर्वांत महाग पडते. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट व रायझेन ५ ५६०० ला ६५ वॉट धरले, तरी साऱ्या संगणकाची गरज ३०० वॉटच्या आतबाहेर राहते. ५०० ते ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस त्यास पुरेसा आहे. '८० प्लस' हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे असते. मूळ दर्जासाठी २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. विद्युत्‌दाब वाढल्यास किंवा मंडल लघुपथित (शॉर्ट सर्किट) झाल्यास यंत्र स्वतःला बंद करील काय, हे त्यातून कळत नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर तर छापील वॉटचाही भरवसा धरू नये.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट आणि बंगळुरात एस. पी. रोड येथे किंवा ऑनलाइन होते. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी असतो. दुकानदाराने तोंडी सांगितलेला भाव त्यासह आहे की नाही, हे विचारून घ्यावे. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कार्डांवर चालणारे 'खनन' (गणना करून नवी नाणी मिळविणे) बंद केल्यानंतर वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. खननातील कार्ड निकामीच असते असे नाही, परंतु त्याचे पंखे झिजलेले असू शकतात; मूळ बिल आणि त्यावरचा अनुक्रमांक कार्डावरील चिठ्ठीशी जुळत असेल तरच विचार करावा.

मॉनिटरची तार मदरबोर्डच्या आडव्या-उभ्या छिद्रांच्या गर्दीत न घालता त्याखाली असलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमध्ये घालावी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला, तरी विंडोजमध्ये तो अनेकदा ६० हर्ट्झवरच चालू होतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने बदलावा लागतो.