काचेवरच्या बोटाला मिळणारी पोच

दिव्याचं बटण दाबलं की ते किंचित आत जातं आणि तो खटका बोटाला कळतो. मोबाईलच्या काचेवर काढलेलं बटण मात्र तसूभरही हलत नाही. स्पर्श फोनपर्यंत पोचला की नाही हे सांगायला पडद्यावरचा बदल, आवाज आणि थोडंफार कंपन एवढंच उरतं. त्यातला पडद्यावरचा बदल बऱ्याचदा बोटाखालीच झाकला जातो. त्यामुळे गेममधल्या एवढ्याशा ‘टक्’वर मोठी जबाबदारी येते. शिवाय कान डोळ्यापेक्षा चपळ असतो: प्रकाश दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण १८० ते २०० मिलिसेकंद लागतात, आवाज ऐकून दाबायला १४० ते १६०.

पण पोच वेळेवर मिळाली तरच तिला अर्थ. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. आवाज मात्र थेट स्पीकरकडे जात नाही, आधी बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरला जातो. सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाच्या लाटेची मोजमापं) या वेगाने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २१.३ मिलिसेकंदांचा उशीर, १९२ नमुन्यांचा म्हणजे फक्त ४. मग बफर लहानच का ठेवू नये? कारण प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला की बफर वेळेत भरला जात नाही आणि आवाजात तडतड ऐकू येते. अँड्रॉइडवर ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आलेला ‘एऑडिओ’ हा आवाज वाजवण्याचा मार्ग हा उशीर कमी ठेवण्यासाठीच आहे. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त असतो आणि गेमच्या कोडमधून तो काढता येत नाही. म्हणून तालाच्या गेममध्ये उशीर मोजून जुळवून घेण्याची सोय द्यावीच लागते.

उशीराचं एक कारण तर फाईलमध्येच दडलेलं असतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ३० मिलिसेकंदांची शांतता राहिली, तर बाकी सगळं अचूक असूनही बटण ‘जड’ वाटतं. एमपीथ्री करतानाही सुरुवातीला साधारण २५ मिलिसेकंदांची शांतता भरली जाऊ शकते. काही प्लेअर ती कापतात, काही नाही. म्हणून छोटे आवाज डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाईलप्रकारात आणि पार्श्वसंगीत ऑग व्हॉर्बिस या दाबलेल्या प्रकारात ठेवणं बरं. एमपीथ्रीतलं संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना मध्ये खाच ऐकू येते, ती याच भरतीमुळे.

आता नाणं उचलण्याचा एक आवाज जवळून पाहू. ९८८ हर्ट्झचा स्वर ७० मिलिसेकंद वाजवा, लगेच १३१९ हर्ट्झचा स्वर लावून तो ४०० मिलिसेकंदांत विरू द्या. दोन्हींचं प्रमाण जवळजवळ ४:३, म्हणजे सा वरून शुद्ध मध्यमावर घेतलेली उडी. कानाला ती ‘काहीतरी मिळालं’ अशी लागते. स्वर शून्यापासून पूर्ण जोरावर दोनेक मिलिसेकंदांत चढवा. शेवटचे ५ ते १० मिलिसेकंद हळूहळू उतरवा. लाट मध्येच तोडली तर शेवटी एक कोरडा ‘टच्’ ऐकू येतो आणि नाणं फुटकं वाटतं. अर्ध्या सेकंदाची ही मोनो फाईल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्ये जेमतेम ४४ केबी भरते.

हेच नाणं मिनिटात चाळीस वेळा वाजलं की खरी परीक्षा होते. हुबेहूब तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की कान थकतो आणि खेळणारा आवाज बंद करून टाकतो. पावलं, ठोके, आदळणं यांची तीन-चार वेगळी रेकॉर्डिंग ठेवून दर वेळी स्वर दोन-तीन टक्के वरखाली करावा. अर्धस्वर सुमारे ६ टक्क्यांचा असतो, त्यामुळे एवढा फरक बेसूर वाटत नाही. सलग नाण्यांसाठी दर वेळी अर्धस्वर चढवणं अधिक छान: मालिका किती लांबली हे आकडा न बघताच कळतं. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत गेले की चार स्वरांचा ठेका वेग घेत असे. संकट जवळ आल्याचं तो ठेकाच सांगायचा.

दहा नाणी एकदम उचलली तर? तंतोतंत एकाच क्षणी वाजलेले दोन सारखे आवाज ६ डेसिबलने मोठे होतात, दहा आवाज २० डेसिबलने, आणि स्पीकर फाटल्यासारखा होतो. एकच आवाज एका वेळी तीन-चारदाच वाजेल आणि दोहोंत निदान ३० मिलिसेकंद अंतर राहील अशी मर्यादा घालावी. अँड्रॉइडच्या साउंडपूलमध्ये, म्हणजे छोटे आवाज वाजवण्याच्या तयार सोयीत, आणखी एक फसगत होते. फाईल मागे लोड होत असताना वाजवायला सांगितलं तर काहीच वाजत नाही. ‘पहिल्याच टॅपला आवाज नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं.

फोनचा स्पीकर साधारण ३००-४०० हर्ट्झच्या खाली लंगडा पडतो. हेडफोनवर धडकी भरवणारा ६० हर्ट्झचा स्फोट फोनवर नुसता ‘फुस्’ होतो. इथे मेंदूचीच मदत घेता येते. ४५०, ६०० आणि ७५० हर्ट्झ एकत्र ऐकवले की मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखून १५० हर्ट्झचा स्वर भासवतो, जरी तो स्पीकरमधून निघालेलाच नसतो. खर्जाच्या आवाजाला थोडी विकृती देऊन, म्हणजे त्याची लाट किंचित बिघडवून, हे वरचे स्वर मुद्दाम उमटवतात. उलट २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये कान सर्वांत तीक्ष्ण असतो. वारंवार वाजणारे आवाज तिथे तीनेक डेसिबलनी उतरवले नाहीत तर टोचतात.

आयफोनवर ‘अँबियंट’ हा ध्वनिप्रकार निवडला की गेम सायलेंट बटणाचा मान राखतो आणि आधीपासून चालू असलेलं गाणंही थांबवत नाही. आवाज बंद ठेवून खेळणारे पुष्कळ असतात, म्हणून इशारा फक्त आवाजात ठेवू नये, त्याच्या जोडीला चमक किंवा कंपन हवंच. शेवटची तपासणी मात्र खऱ्या फोनवर करावी, तीही फोन आडवा धरून. तेव्हा खालचा स्पीकर तळहाताखाली दबतो आणि हेडफोनवर लख्ख ऐकू आलेले आवाज सर्वांत आधी तिथेच हरवतात.