विलगीकरणातलं भडभडून येणं

साथीच्या काळात एकट्याने खोलीत कोंडून राहावं लागल्यावर अचानक आवरता न येणारं रडू येतं, त्याबद्दल आणि त्यातून लोक कसे सावरतात त्याबद्दल ही नोंद आहे. हा काही आजार नाही. मराठीत यासाठी 'भडभडून येणं' हा नेमका शब्द आहे, कारण टचकन डोळ्यात पाणी येणं वेगळं, मुसमुसणं वेगळं, आणि भडभडून येतं तेव्हा आत कधीचं साचलेलं असतं आणि निमित्त मात्र भलतंच फालतू असतं, म्हणजे आमटीत मीठ कमी पडलं, चार्जर सापडेना, असलं काहीतरी.

महाराष्ट्रात हा अनुभव घरोघरी पोचला तो कोरोनात. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून २१ दिवसांचा लॉकडाऊन लागला आणि तो पुढे वाढतच गेला. त्याआधीच परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने होम क्वारंटाइनचा शिक्का मारायला सुरुवात झाली होती, आणि तसा शिक्का दिसला म्हणून लोकांना रेल्वेतून उतरवल्याच्या बातम्याही आल्या. घरातल्या विलगीकरणाचे दिवस केंद्राच्या नियमांप्रमाणे आधी १७, मग जुलै २०२० पासून १०, आणि जानेवारी २०२२ मध्ये ७ झाले. मे २०२१ मध्ये तर राज्याने १८ जिल्ह्यांत घरी राहायची सोयच बंद करायचं ठरवलं, पेशंटने थेट कोविड सेंटरमध्ये जायचं, म्हणजे रडायला स्वतःची उशीसुद्धा नाही.

आता दाराचं सांगतो. बंद खोलीच्या दाराबाहेर एक स्टूल असायचं, त्यावर घरातलं कोणीतरी ताट ठेवायचं, 'ठेवलंय गं' म्हणून दोन-चार पावलं मागे सरकायचं, मग आतून कडी निघायची. ताटात गरम वरण-भात, वर तूप, आणि त्याचा वास येत नाही. बाहेरून पोरगं विचारतं 'आई तू कधी येणार', ती म्हणते 'शनिवारी रे सोन्या', दार लावते आणि पहिल्या घासालाच रडू कोसळतं. ताप नसतो, ऑक्सिजन ९७ असतो, रिपोर्टप्रमाणे सगळं बरं चाललेलं असतं, म्हणून तर बाहेरच्यांना कळत नाही की झालं काय.

कारणं बरीच आहेत. क्वारंटाइनचा मनावर काय परिणाम होतो यावरच्या २४ अभ्यासांचा आढावा २०२० च्या सुरुवातीला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात लांबलेले दिवस, संसर्गाची भीती, कंटाळा, सामानाची चणचण आणि धड माहिती न मिळणं ही मुख्य कारणं सांगितली आहेत. यातलं शेवटचं आपल्याकडे फार कमी लेखतात, पण 'अजून किती दिवस' याचं सरळ उत्तर मिळालं की निम्मा जीव खाली पडतो. आणखी एक, डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड दिली असतील तर त्यानेसुद्धा झोप उडते, मन सारखं वरखाली होतं, आणि हे पेशंटला कोणी सांगितलेलं नसेल तर बिचाऱ्याला वाटतं आपणच मनाने कच्चे.

रडल्याने विष बाहेर पडतं असं सर्रास सांगतात, त्याला ठोस पुरावा नाही. नेदरलँड्समधले संशोधक अॅड विंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या एका प्रयोगात लोकांना रडवणारे सिनेमे दाखवले, तर रडलेल्यांचा मूड लगेच खालीच गेला, वीसेक मिनिटांनी पूर्ववत झाला, आणि दीड तासाने आधीपेक्षाही बरा होता. म्हणजे रडून झाल्या झाल्या आणखी वाईट वाटलं तर घाबरू नये, जरा वेळ जाऊ द्यावा. आणि रडणं हे मुळात हाक मारण्यासारखं असतं, कोणी जवळ आलं, पाठीवर हात ठेवला तर हलकं वाटायची शक्यता जास्त, विलगीकरणात नेमका तो हातच नसतो.

कोरोनात यात एक पेच होता. अश्रू डोळ्यातून नाकात उतरतात, त्यामुळे रडल्यावर नाक चोंदतं, डोकं जड होतं, आवंढा गिळून गिळून घसा दुखतो, हुंदक्यांनी छातीचा ठोका वाढतो, आणि ऑक्सिमीटर लावला की पल्स ११० दिसतो. झालं, आजार वाढला वाटून माणूस आणखी रडतो. म्हणून रडून झाल्यावर लगेच ऑक्सिमीटर लावू नये, तोंडावर गार पाणी मारावं, पाणी प्यावं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावावा (भ्रामरी येत असेल तर उत्तमच, त्यात हेच होतं) आणि दहा-पंधरा मिनिटांनी बघावं. तेव्हाही ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल किंवा दम लागत असेल तर मात्र ते रडण्यामुळे नाही, डॉक्टरला फोन करायचा.

बाकी लोकांनी आपापले मार्ग काढले. कोणी दाराच्या दोन बाजूंना पाठ टेकून गप्पा मारायचे, कोणी व्हिडिओ कॉल चालू ठेवून नुसतंच समोरासमोर जेवायचं. बातम्या दिवसातून एक-दोनदाच बघा असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं, ते ज्यांनी पाळलं ते सुखी. 'रडू नकोस, पॉझिटिव्ह राहा' याचा मात्र काडीचा उपयोग नाही, त्यातही पॉझिटिव्ह हा शब्द तेव्हा ऐकवत नव्हता.

सगळ्यात अवघड गेलं ते मयताचं. अंत्यविधीला वीसच माणसं, गळ्यात पडून रडायला कोणी नाही, दहावा मोबाइलवर. आपल्याकडे दुखवट्याला माणसं येतात, तेच तेच विचारतात, दर वेळी सांगताना पुन्हा रडू येतं आणि असं पंधरा वेळा झाल्यावर ते जरा विझतं. ती पंधरा माणसं आलीच नाहीत, म्हणून कित्येकांचं रडणं वर्ष-दीड वर्षाने कुठल्यातरी लग्नात बाहेर पडलं. पुण्याला हे तसं नवीन नाही, १८९७ च्या प्लेगमध्ये घरं तपासून संशयितांना घरच्यांपासून तोडून छावणीत नेत होते, तेव्हा लोक आजारी माणूस लपवून ठेवायचे.

रडू दोन आठवड्यांच्या वर रोज येत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, किंवा जगणं नको वाटत असेल तर थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.